आमच्या गावचं अमेरिकन गायरान

तुमच्या गावाला गायरान होतं का हो? असेल तर त्याचं पुढे काय झालं, ते विचारत नाही. आमच्या कराडकडच्या गावात गायरानावर आधी शाळेची एक खोली आली, मग दूध डेअरी आली, आणि मग एका पुढाऱ्याच्या मेहुण्याचा ढाबा आला. गुरं शेवटी रस्त्याच्या कडेला चरू लागली. विचारलं तर लोक म्हणायचे, "ती जागा कुणाचीच नव्हती." ती सगळ्यांची होती, असं म्हणायचं कुणाला सुचलंच नाही.

आता मी राहते न्यू जर्सीत, पार्सिपनीपासून अर्ध्या तासावरच्या एका छोट्या गावात. गावाच्या मधोमध गवताचा एक मोठा चौकोन आहे. त्याला सगळे नुसतं 'ग्रीन' म्हणतात. इथे इंग्लंडच्या राजाचा अंमल होता, तेव्हा पहिली वस्ती करणाऱ्यांनी स्वतःची घरं बांधायच्या आधी ही जागा सगळ्यांसाठी म्हणून वेगळी काढली. गुरांनी चरावं, माणसांनी जमावं, तरण्यांनी कवायत करावी. थोडक्यात, गायरानच. ते राखायला एक कमिटी आहे, आणि त्या कमिटीत मी आहे. बारावी पास, इंग्रजी बेताचं, पण आहे.

ग्रीनवरचं गवत आमचा फ्रँक दर गुरुवारी कापतो. किस्से कापायला मात्र कुणी नाही, त्यामुळे ते वाढतच राहतात. चार मैत्रिणी जमल्या की मी एखादा सांगते. आज बसलाच आहात, तर बरेचसे सांगून टाकते.

*

मी कमिटीत गेले ती तक्रार करायला.

तेव्हा माझी ईशा दुसरीत होती. तिला शाळेतून आणताना मी आणि माझी नागपूरची मैत्रीण स्मिता ग्रीनवर थोडं बसायचो. पण तिथली सगळी बाकं रस्त्याकडे तोंड करून. दोघी एका बाकावर बसलो की जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या बघायच्या. स्मिता म्हणाली, "यार, हे बाक आहे की बसस्टॉप?"

लायब्ररीत कमिटीची मीटिंग असते असं कळलं, म्हणून गेले. अध्यक्ष होत्या हॅरिएट. गावातल्या शाळेत जन्मभर शिकवून रिटायर झालेल्या, पांढऱ्या केसांच्या, ताठ बसणाऱ्या. सगळे त्यांना नुसतं हॅरिएट म्हणतात. माझी काही जीभ रेटेना. शाळेतल्या बाई त्या बाईच, म्हणून मी त्यांना हॅरिएटबाई म्हणते. त्यांना वाटतं ते त्यांच्या नावाचं मराठी रूप आहे.

मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "दोन बाकं समोरासमोर पाहिजेत. माणसं माणसांकडे बघून बोलतात."

बाईंनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. "बरोबर आहे तुझं. आजपासून तू बाक उपसमिती."

"आणि उपसमितीत बाकीचे कोण?"

"अजून कुणी तक्रार केलेली नाही."

आपल्याकडे लोक कमिटीतल्यांची तक्रार करतात. इथे तक्रार करणाऱ्याला कमिटीत घेतात. परत कुणी तक्रार करत नाही.

*

आता बाक फिरवायचं म्हणजे काय? चार बोल्ट काढायचे, फिरवायचं, चार बोल्ट लावायचे. पण प्रत्येक बाकावर कुणाच्या तरी आठवणीची पितळी पट्टी. त्या घरच्यांची परवानगी पाहिजे, टाउन कौन्सिलची मंजुरी पाहिजे, झाडांच्या मुळांना धक्का लागत नाही असं झाडवाल्याने सांगायला पाहिजे. झाडवाला फ्लोरिडाला गेलेला. ईशा दुसरीतून तिसरीत गेली, बाक रस्त्याकडेच बघत होतं.

फ्रँक सगळ्या मीटिंगांना यायचा आणि काही बोलायचा नाही. तो तरुणपणी फौजेत होता. एका सोमवारी आम्ही बघतो तर दोन बाकं समोरासमोर, मधे छान अंतर, बोल्ट घट्ट.

पुढच्या मीटिंगमध्ये बाईंनी विचारलं, "फ्रँक, हे कसं झालं?"

"वीकेंडला वारा होता," फ्रँक म्हणाला.

बाई सेक्रेटरीला म्हणाल्या, "लिहा, वारा."

*

दर वसंतात ग्रीनवर गाय येते. पूर्वी गावची गुरं इथे चरत. तो रिवाज मोडू नये म्हणून वर्षातून एक दिवस एक गाय आणायची, शाळेच्या मुलांनी भोवती जमायचं, आणि गायीने चार घास खायचे. एवढंच.

त्या वर्षी गायीचं काम फ्रँककडे होतं. लांबच्या गोठ्यातून ट्रेलरमध्ये घालून गाय आणली. पोरं रांगेत उभी. मी आणि स्मिता हळदीकुंकवाची कोयरी घेऊन गेलो होतो. गाय आली आणि तिला ओवाळलं नाही, असं कसं चालेल? स्मिताने कपाळाला कुंकू लावलं. गोठ्याचा मालक जरा घाबरला. "हे धुतल्यावर जाईल ना?" त्याने विचारलं.

"नाही गेलं तर भाग्य समजा," स्मिता मराठीत म्हणाली.

मग गायीला मोकळं सोडलं. ती खाली वाकली, हुंगलं, वर बघितलं. दुसरीकडे गेली, परत हुंगलं. पोरं श्वास रोखून बघत होती. गाय काही तोंड उघडेना. मालक गुडघ्यावर बसला आणि त्याने गवतावरून हात फिरवला.

"हे कापलं कुणी?"

फ्रँक छाती काढून पुढे आला. "मी. काल संध्याकाळी. आज पाहुणी येणार म्हणून अगदी खाली लावून कापलं."

सतरंजीसारखं गुळगुळीत गवत. गायीच्या जिभेला लागेल असं एक पातं नव्हतं. शेवटी तिने टाउन हॉलसमोरच्या वाफ्यातली फुलं खाल्ली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, बाईंनीही वाजवल्या. मला हळूच म्हणाल्या, "फुलंही सार्वजनिकच आहेत."

*

त्याच दिवशी बाई मुलांना ग्रीनची गोष्ट सांगत होत्या. पहिल्या वस्तीच्या लोकांनी घरांच्या आधी सगळ्यांसाठी जागा सोडली, किती चांगला विचार, वगैरे. ईशाने हात वर केला.

"पण ती जागा त्यांना कुणी दिली होती?"

मला घाम फुटला. परक्या देशात आपली पोरगी अध्यक्षांना उलट विचारतेय. मी डोळे वटारले. ईशाने बघून न बघितल्यासारखं केलं.

बाई म्हणाल्या, "कुणी दिली नव्हती. इथे आधी लेनापी लोक राहायचे. त्यांना नीट विचारलं नाही आणि 'सगळ्यांसाठी' म्हणताना त्यांना धरलंही नाही." मग म्हणाल्या, "तो भाग मी सांगायला हवा होता. पुढच्या वर्षी सुरुवातच तिथून करीन."

आणि दर वर्षी करतात. ईशा आता कॉलेजात आहे. तरी गायीच्या दिवशी बाई मुलांना सांगतात, "एका मुलीने मला विचारलं होतं..."

*

इथपर्यंत सगळं गमतीचं चाललं होतं. मागच्या उन्हाळ्यात मात्र गमतीत खडा पडला.

टाउन हॉलच्या मागे नवीन ऑफिसं झाली. गाड्या लावायला जागा कमी पडू लागली. कौन्सिलच्या मनात आलं की ग्रीनचा दक्षिणेचा कोपरा घ्यावा आणि तिथे पार्किंग करावं. तो कोपरा सगळ्यात मोकळा, दिवसभर उन्हाचा. एक दिवस माणसं आली, त्यांनी मोजलं, आणि कमरेइतक्या उंच लाकडी खुंट्या ठोकून त्यांना गुलाबी फिती बांधून गेली.

कौन्सिलचं म्हणणं एकच होतं, ते मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. "त्या कोपऱ्यात कुणी काही करत नाही. जागा वापरात नाही."

बाई त्या दिवशी घरी जाताना माझ्याबरोबर चालत होत्या. एरवी बोलत असतात. त्या दिवशी फुटपाथच्या टोकाला आल्यावर एवढंच म्हणाल्या, "एकदा डांबर टाकलं की ते कुणी उकरत नाही, मंगल."

मला आमच्या गावचा ढाबा दिसला. तोही आधी टपरीच होता.

*

वापरात नाही म्हणतात, तर वापरून दाखवू, असं ठरलं. फ्रँक म्हणाला, "पूर्वी इथे कवायत व्हायची. मी कवायत सुरू करतो."

त्याने फौजेतले जुने मित्र गोळा केले. सगळे सत्तरीच्या पुढचे. एकाचा गुडघा बदललेला, एकाला कमी ऐकू येतं, एकाला डॉक्टरने फिरायला सांगितलं म्हणून तो आलेला. खांद्यावर लाकडी बंदुका. दक्षिण कोपऱ्यात सकाळी कवायत सुरू झाली. फ्रँक ओरडला, "डावीकडे वळ." कमी ऐकू येणारे सरळ चालत राहिले ते थेट बेकरीपर्यंत गेले. येताना डोनट घेऊन आले.

पण लोकांना ते फार आवडलं. दुसऱ्या शनिवारी बघायला निम्मं गाव आलं. नातवंडं आली, कुत्री आली, पार्सिपनीहून आमच्या मराठी मंडळातली माणसं आली. बाई खूश. म्हणाल्या, "आता म्हणू देत कुणी वापरत नाही म्हणून."

सोमवारी टाउन हॉलकडे लेखी तक्रार आली. कवायत छान होती, पण गाडी लावायला कुठे जागाच मिळाली नाही.

बाईंनी ती दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "ही मिनिट्समध्ये नको."

*

त्याच सुमारास माझे सासरे, म्हणजे अप्पा, सहा महिन्यांसाठी आले होते. ते रिटायर्ड ग्रामसेवक. ग्रीनवर फिरायला नेलं तर त्यांची नजर पहिली खुंट्यांवर गेली.

"अतिक्रमण?"

"हो अप्पा."

"कुणाचं?"

"सरकारचंच. पार्किंग करायचंय."

अप्पांचा चेहरा खुलला. सहा महिने करायचं काय, ही त्यांची अडचण सुटली. "सोपं आहे. एक गोल दगड आण. शेंदूर लाव. दोन दिवसांनी त्याला फूल वाहा. आठवड्याने कुणीतरी नारळ फोडेल. मग कुणाची छाती आहे हात लावायची? अगं, आख्खी पंचायत समिती हलली, पण म्हसोबा हलला नाही. मी बघितलंय."

मी म्हटलं, "अप्पा, इथे तसं चालत नाही."

"तू त्या बाईंना सांग तरी."

तेवढ्यात बाई समोरून आल्याच. अप्पा माझ्या मागे उभे राहून "सांग, सांग" करत होते. मी लाजत लाजत जमेल तसं सांगितलं. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग ग्रीनच्या उत्तरेला हात केला. तिथे पांढरं जुनं चर्च आहे.

"त्यांना सांग, आमच्या लोकांनी पहिल्याच वर्षी हेच केलं. ग्रीन तिथपर्यंत होतं. आधी देव आणला. मग देवाशेजारी पुरायला जागा घेतली. मग देवाला भेटायला येणाऱ्यांच्या गाड्यांना पार्किंग केलं."

मी अप्पांना मराठीत सांगितलं. अप्पांनी बाईंना वाकून नमस्कार केला. घरी येताना म्हणाले, "उगाच घाबरत होतो गं इथे यायला. आपलीच माणसं आहेत."

*

आता माझ्या डेकचा, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्याचा, किस्सा.

आम्ही टाउनहाउसमध्ये राहतो. घर आपलं, पण घराबाहेरचं सगळं असोसिएशनचं. दाराचा रंग त्यांनी ठरवलेला, कुंड्या किती ते त्यांनी ठरवलेलं. मी दर उन्हाळ्यात कुरडया करते. गहू भिजवायचे, वाटायचे, चीक काढून शिजवायचा आणि सोऱ्याने कुरडया घालून कडकडीत उन्हात वाळवायच्या. इतकी वर्षं मागच्या डेकवर गुपचूप घालत होते. मागच्या उन्हाळ्यात पकडले गेले. असोसिएशनची नोटीस आली, फोटोसकट. 'डेकवर खाद्यपदार्थ पसरू नयेत. पक्षी आकर्षित होतात.' फोटोत माझ्या कुरडया इतक्या सुरेख आल्या होत्या की मी तो जपून ठेवलाय.

ईशा म्हणाली, "आई, जस्ट बाय देम. पटेलच्या दुकानात मिळतात."

"मिळतात. पण त्या फुलत नाहीत."

"फुलत नाहीत म्हणून नोटीस घेणार तू?"

मी हे बाईंना हसत हसत सांगितलं. त्यांना म्हटलं, ऊन एवढं आहे, पण ते कुठे घ्यायचं हे दुसरे ठरवतात. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गायीचं आपण करतो. कवायतीचं फ्रँक करतो. पण पूर्वी इथे बायका धुतलेली कापडं आणून उन्हात पसरायच्या. चादरी, परकर, विणलेला कपडा, सगळं त्या दक्षिण कोपऱ्यात, कारण ऊन तिथे. ग्रीन त्यांचंही होतं. त्याची आठवण आम्ही कधी केलीच नाही." मग एकदम म्हणाल्या, "तुझ्या कुरडया तिथे घाल."

"बाई, ते खाणं आहे. कापड नाही."

"तू ते पसरतेस कशावर?"

"जुन्या सुती साडीवर."

"मग कापड आहे. त्यावर काहीतरी सांडलंय, एवढंच."

*

आणि हा शेवटचा.

कौन्सिलचं मतदान एका मंगळवारी संध्याकाळी होतं. त्या आधी सकाळी सगळे सदस्य आणि मेयर कोपरा बघायला येणार होते. कौन्सिलमध्ये निम्मे पार्किंगच्या बाजूचे, निम्मे विरुद्ध. म्हणजे गाडी मेयरसाहेबांच्या मतावर अडलेली. ते मितभाषी, उंच, इस्त्रीच्या निळ्या शर्टातले गृहस्थ. त्यांनी निवडणुकीत लोकांना पार्किंगचा शब्द दिलेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

बाई मला म्हणाल्या, "मंगळवारी घाल."

मी मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. ज्यांना ज्यांना डेकवर काही घालता येत नाही, त्या सगळ्यांनी या. मला वाटलं दोघी-तिघी येतील. सकाळी बघते तर ग्रीनच्या कडेला गाड्याच गाड्या. कुणी सांडग्यांचं पीठ आणलं, कुणी साबुदाण्याच्या पापड्या, एका मावशींनी मिरच्या आणल्या. स्मिताने लॅपटॉप आणला होता. एका हाताने पापड्या घालत होती आणि कानात मीटिंग चालू होती. "येस, आय ॲम ऑन साइट," असं कुणाला तरी सांगत होती.

दक्षिण कोपऱ्यात जुन्या साड्या पसरल्या. जांभळ्या, हिरव्या, इरकली काठाच्या. मंद वारा होता म्हणून कडेने दगड ठेवले. अप्पांनी दगड ठेवताना माझ्याकडे अर्थपूर्ण बघितलं. मी म्हटलं, "अप्पा, नुसते दगड. शेंदूर नाही."

अडचण एकच झाली. ग्रीनवर कॅनडाचे हंस असतात, मोठे, माजलेले. गरम चिकाचा वास आल्यावर सगळी फौज चालत आली. तेव्हा फ्रँकने शिट्टी मारली. कवायतीची मंडळी लाकडी बंदुका टाकून छत्र्या घेऊन आली आणि साड्यांच्या चारी बाजूंनी उभी राहिली. हंस थांबले. गुडघा बदललेले काका मला म्हणाले, "इतक्या महिन्यांत पहिल्यांदा समोर शत्रू आहे." त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा होता.

हॅरिएटबाई खाली बसू शकत नाहीत, म्हणून त्यांना घडीची खुर्ची दिली आणि हातात सोऱ्या दिला. पहिली कुरडई केस विस्कटल्यासारखी झाली. दुसरी गोल आली. मग त्या कुणाला हात लावू देईनात.

अशात कौन्सिलची मंडळी आली. मेयरसाहेब पुढे. त्यांच्यातल्या एक बाई हातातलं पॅड धरून म्हणाल्या, "हा कार्यक्रम आहे का? परमिट आहे?"

"कार्यक्रम नाही," हॅरिएटबाई मान वर न करता म्हणाल्या. "वापर आहे."

मेयरसाहेब साड्यांच्या कडेकडेने चालत माझ्यापाशी आले. "हे तुम्ही घरी का करत नाही?" त्यांनी विचारलं. टोचून नाही, खरंच विचारलं.

मी मीटिंगसाठी दोन दिवस इंग्रजीत भाषण पाठ केलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवलं नाही. मी म्हटलं, "घरी डेकवर असोसिएशन करू देत नाही. पार्कात गवतावर काही पसरायला परवानगी लागते. दुकानाच्या पार्किंगमध्ये उभं राहिलं तरी हाकलतात. या गावात ऊन घ्यायला मला कुणाला विचारावं लागत नाही, अशी ही एकच जागा आहे. ज्यांनी ठेवली त्यांना मी येणार हे माहीत नव्हतं. तरी ठेवली."

ते साडीवरच्या कुरडयांकडे बघत राहिले. मला वाटलं, माझं इंग्रजी कळलं नाही. ईशा माझ्या शेजारी होती. तिने माझा हात धरला आणि कानाशी म्हणाली, "आई, ही गॉट इट."

मग मेयरसाहेब एकदम हॅरिएटबाईंकडे वळले. "मी एक करून बघू?"

बाईंनी नाखुशीने सोऱ्या दिला. आता सोऱ्यात नवा चीक भरला की झाकण फिरवून घट्ट लावावं लागतं, हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी उंच माणसाच्या ताकदीने दांडा दाबला. वरचं झाकण निघालं आणि सगळा चीक निळ्या शर्टावर, गळ्यापासून पट्ट्यापर्यंत. बरं, चीक कोमट झाला होता. हंससुद्धा दोन पावलं मागे सरले.

"काढ तो," बाई म्हणाल्या.

"हॅरिएट, मी मेयर आहे."

"तू तिसरीत असताना माझ्या वर्गात शाई सांडली होतीस. तेव्हाही काढ म्हणाले होते. वाळला तर डाग जाणार नाही."

मेयरांनी शर्ट काढला. आत बनियन होता. स्मिताने लॅपटॉपचा कॅमेरा झटकन आकाशाकडे फिरवला. बाईंनी जवळच्याच आपल्या घरी जाऊन शर्ट धुऊन, पिळून आणला. वाळत घालायचा कशावर? झाडं लांब. बाईंनी इकडेतिकडे बघितलं, आणि पार्किंगच्या त्या गुलाबी फितीच्या दोन खुंट्यांना दोरी बांधली. त्यावर शर्ट घातला आणि बाह्या नीट ओढून सरळ केल्या.

पॅडवाल्या बाई म्हणाल्या, "त्या सर्व्हेच्या खुंट्या आहेत."

"काहीतरी उपयोग झाला," हॅरिएटबाई म्हणाल्या.

मेयरसाहेब बनियनवर बाकावर बसले. कुणीतरी वाटीत गरम चीक, वर साजूक तूप आणि साखर घालून दिला. त्यांनी वाटी पुसून खाल्ली. अप्पा त्यांच्या समोरच्या बाकावर जाऊन बसले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. बराच वेळ दोघं हंसांकडे बोट दाखवून काहीतरी बोलत होते.

थोड्या वेळाने त्यांना ऑफिसात जायचं होतं. शर्ट ओला होता. फ्रँकने आपलं कवायतीचं जाकीट दिलं, ते त्यांना आखूड झालं, तसेच गेले.

संध्याकाळी मतदान झालं. अर्धे इकडे, अर्धे तिकडे, ठरल्यासारखं. सगळे मेयरांकडे बघू लागले. त्यांनी घसा साफ केला. "मी माझं मत उद्या सकाळी देईन," म्हणाले, आणि दिवे घालवायला सांगितलं. हॅरिएटबाई तशाच बसून राहिल्या. मी त्यांना घरापर्यंत सोडलं. दारात म्हणाल्या, "त्याचा शर्ट राहिला बाहेर." मग म्हणाल्या, "राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेयरसाहेब एकटेच ग्रीनवर आले, दोरीवरचा शर्ट काढून त्याची घडी घातली, दोरी सोडून गुंडाळली आणि कोपऱ्यातल्या सगळ्या खुंट्या एकेक करून उपटून आपल्या गाडीच्या डिकीत टाकल्या.